चायनाटाऊन

भाचा नागपूरहून आला उन्हाळ्याच्या सुट्टीत.
बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला,
"मावशी, चायनाटाऊन दाखव ना."
मोबाइलवर पाहिलं होतं त्यानं कुठलंसं:
लाल कंदील, उलटी टांगलेली बदकं,
वाफेतून नुसतेच बाहेर येणारे हात.
म्हटलं, अरे यथार्थ, पुण्यात पेठा आहेत,
पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा एक पूल आहे,
पण हे तुझं…
आणि मग लिऊबाई आठवल्या.

लिऊबाई माझे केस कापतात, एकतीस वर्षं झाली.
त्यांचा चेहरा मी पाहिला तो बहुतेक आरशात,
बोटं मात्र मानेनं ओळखते.
फोनवर हसल्या. "येते की.
मला तरी कुठे कुणी दाखवलंय अजून."

आधी डेक्कनची हाँगकाँग गल्ली.
दोघं शेजारी चालले तर तिसऱ्यानं भिंतीला टेकावं,
एवढीच रुंद.
लिऊबाईंनी केसांचा चाप उचलला, दात मोजले.
"दीडशे? चाळीसला दे."
"मॅडम, चायनाचा माल आहे."
"म्हणून तर म्हणते. चाळीस."
साठला मिळाला.

मग नदीपात्रातला रस्ता, दिवेलागणीला.
गाड्यांची रांग:
ड्रॅगन चायनीज, न्यू ड्रॅगन चायनीज,
त्यापुढे ओरिजिनल न्यू ड्रॅगन.
ताडपत्रीवरचा ड्रॅगन रंगवणाऱ्यानं मनानंच काढलेला,
डोळे नागपंचमीच्या पाटावरचे,
मिशा हवालदाराच्या,
तोंडातून जाळ, आणि जाळाच्या खाली
ठळक अक्षरांत: उधारी बंद आहे.

यथार्थनं फोटो काढले. ड्रॅगनचे, कढईचे,
कोबी हवेत उडून आगीत न्हाऊन परत येतो त्याचे.
चायनीज भेळ आली.
कुरकुरीत नूडल्स, पातीचा कांदा,
आणि ती चटणी, जिचा रंग नखांवर दोन दिवस राहतो.
"मस्त लागून राह्यलं," तो म्हणाला,
आणि तोंडात घास असतानाच,
"आजी, तुमच्या देशात पण असंच मिळते का?"

माझा चमचा थांबला.
लिऊबाईंनी ओठ पुसले.
"माझ्या देशात? मिळतं की.
कॅम्पात वीस रुपये जास्त घेतात."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत गेल्या.
वडिलांचं बुटांचं दुकान. लाकडी साचे,
प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव, मोडीत सुद्धा काही.
मी सात वर्षांची, तेव्हा लढाई लागली.
दर सोमवारी चौकीत हजेरी, मला कडेवर घेऊन जायचे,
चालता येत असून.
हवालदारानं रजिस्टरात नाव लिहिलं, लिवू.
बाबा म्हणाले, असू दे. रेशन कार्डावर तेच आलं.
साचे कुठे गेले ते नाही कळलं.
"मिरची जास्त झालीय ह्यात," असं म्हणून
त्यांनी पाणी मागितलं.

पाणी घेऊन स्वतः पदम आला, गाडीवाला,
रुकुमचा, कपाळाला फडकं बांधलेला.
त्यांच्याकडे बघत राहिला जरा.
"दीदी, नेपाल से?"
"नाही रे बाबा. रास्ता पेठेतली."
तो ओशाळला,
पण हातात सूपचा वाडगा होता, न मागवलेला,
वर आल्याचे बारीक तुकडे,
गाडीवरच्या यादीत नसलेलं काहीतरी,
बहुधा त्याच्या स्वतःच्या जेवणातलं.
परत न्यावा की ठेवावा, त्याला कळेना.
लिऊबाईंनीच तो हातातून घेतला.
"घरी असंच करतोस?"
"आई करते," तो मराठीत म्हणाला.

तीन चमचे, एक वाडगा.
यथार्थनं सूपचा फोटो काढला नाही, विसरला.
पलीकडे ओरिजिनल न्यू ड्रॅगनचा बल्ब
दोनदा मिचकावून गेला.
लिऊबाई त्याच्या मानेवरचे केस बोटांनी मागे सारत म्हणाल्या,
"कुणी कापले हे? एक बाजू खाली आहे.
उद्या सकाळी घेऊन ये ह्याला."